पोहता येत नसताना एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा कॅप्टन, दर हिवाळ्यात दक्षिणेला जायचा; एकदा गेला तो परत आलाच नाही

१४ नोव्हेंबर १९०९.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. त्या बेटावरच्या बंदरातून एक शिडाची बोट निघाली. लांबी जेमतेम ३७ फूट. बोटीवर माणूस एकच. वय ६५, डोक्याला टक्कल, अंगाने सडपातळ, टोकदार दाढी.

बोटीचं नाव स्प्रे. माणसाचं नाव जोशुआ स्लोकम.

या दोघांना तेव्हा अर्धं जग ओळखत होतं. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस म्हणजे जोशुआ स्लोकम. त्याला दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीच्या बाजूला जायचं होतं. थंडी संपली की तो परत येणार होता.

तो आला नाही. बोट नाही, फळी नाही, शीड नाही. काहीच सापडलं नाही.

आता प्रश्न पडतो की ६५ व्या वर्षी, घरी बायको असताना, शेतीवाडी असताना, हा माणूस ऐन थंडीच्या तोंडावर एकटाच समुद्रात कशाला गेला?

याचं उत्तर शोधायचं तर त्याच्या दोन लग्नांची गोष्ट माहिती पाहिजे.

बुटाच्या दुकानातून पळालेला पोरगा

जोशुआचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ चा. गाव माउंट हॅन्ली, कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातलं. घरात ११ भावंडं. बाप शेतकरी, पुढे ब्रायर बेटावरच्या वेस्टपोर्ट गावी येऊन त्याने कोळ्यांसाठी चामड्याचे बूट बनवायचं दुकान टाकलं. जोशुआला दहाव्या वर्षी शाळेतून काढून या दुकानात बसवलं.

आईचे वडील दीपगृहाचे रखवालदार. म्हणजे समुद्र दोन्ही बाजूंनी डोळ्यांसमोर आणि पोरगा मात्र दिवसभर चामडं शिवतोय. त्याने तळघरात लपून एक छोटं जहाज बनवायला घेतलं होतं. बापाने ते पाहिलं आणि फोडून टाकलं, असं त्याच्या चरित्रांमध्ये सांगतात.

१४ व्या वर्षी तो एका मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी म्हणून पळून गेला. लवकरच परतला. पण १८६० मध्ये आई गेली आणि घराशी बांधून ठेवणारा धागाच तुटला. १६ वर्षांचा जोशुआ खलाशी म्हणून निघाला तो कायमचा.

पुढची प्रगती भन्नाट आहे. शाळा सुटलेल्या या पोराने जहाजावरच्या रिकाम्या वेळात नौकानयनाचा अभ्यास केला, परीक्षा दिली आणि काही वर्षांतच जहाजावरचा अधिकारी झाला. मग सॅन फ्रान्सिस्कोला मुक्काम हलवून अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. १८६९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याच्या हाताखाली स्वतःचं पहिलं जहाज आलं.

व्हर्जिनिया : जिचं घरच जहाज होतं

१८७१ च्या सुरुवातीला जोशुआ माल घेऊन ऑस्ट्रेलियात सिडनीला पोहोचला. तिथे त्याला व्हर्जिनिया वॉकर भेटली. मूळची अमेरिकन, सोन्याच्या मागे फिरत ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या कुटुंबातली. ओळख झाल्यावर काही आठवड्यांतच, ३१ जानेवारी १८७१ ला दोघांनी लग्न केलं.

लग्नानंतर फिरायला कुठे गेले? थेट अलास्का. जोशुआला तिथे सामन मासे पकडायचं काम होतं. तिथे वादळात नांगर सुटून जहाज किनाऱ्यावर आदळलं आणि गेलं. पण जोशुआने माणसंही वाचवली आणि पकडलेले मासेही वाचवले. नव्या नवरीला संसाराची पहिली झलक ही अशी मिळाली.

दुसरी कुणी असती तर माहेरी निघून गेली असती. व्हर्जिनिया पुढची १३ वर्षं नवऱ्यासोबत समुद्रावरच राहिली.

त्या काळी कॅप्टनच्या बायकोने जहाजावर राहणं अगदीच नवीन नव्हतं. पण व्हर्जिनिया नुसती सोबत नव्हती. तिला सात मुलं झाली, सगळी जहाजावर किंवा परक्या बंदरांत. त्यातली चारच जगली. व्हिक्टर, बेंजामिन, जेसी आणि गारफिल्ड. या मुलांची शाळा म्हणजे जहाजावरची केबिन आणि मास्तरीण म्हणजे आई. घरात पियानो होता, पुस्तकांची कपाटं होती, फक्त घर पाण्यावर तरंगत होतं.

ही बाई पिस्तूलही चालवायची. जहाजामागे येणाऱ्या शार्कवर ती नेम धरून गोळ्या झाडायची, ही आठवण मुलांनी पुढे सांगितली आहे. नॉर्दर्न लाइट या मोठ्या जहाजावर खलाशांनी बंड केलं, तेव्हा नवऱ्यामागे पिस्तूल घेऊन उभी राहणारी तीच होती.

नॉर्दर्न लाइट हा जोशुआच्या कारकिर्दीचा कळस. या भल्यामोठ्या जहाजात त्याची मालकीची भागीदारी होती. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा काळ शिडाच्या जहाजांच्या उतरणीचा होता. वाऱ्याची वाट न बघता वेळेवर पोहोचणाऱ्या आगबोटी आल्या होत्या आणि मालाची भाडी तिकडे वळत होती. जोशुआ ज्या विद्येत पारंगत होता, ती विद्याच बाजारातून बाद होत चालली होती.

नॉर्दर्न लाइट सोडून त्याने अक्विडनेक हे लहान जहाज घेतलं. ते घेऊन कुटुंब दक्षिण अमेरिकेकडे निघालं.

वाटेत व्हर्जिनिया आजारी पडली. जुलै १८८४ मध्ये जहाज अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सजवळ नांगरलं होतं. जोशुआला मालाच्या सौद्यासाठी किनाऱ्यावर जायचं होतं. दोघांमध्ये ठरलं की तब्येत बिघडली तर जहाजावर एक ठरावीक निशाण चढवायचं. २५ जुलैला ते निशाण चढलं. जोशुआ धावत परत आला. त्याच संध्याकाळी व्हर्जिनिया गेली. वय पस्तिशीच्या आत.

ब्युनोस आयर्समध्येच तिचं दफन झालं.

हेटी : जिला समुद्र मानवला नाही

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८८६ मध्ये, जोशुआने दुसरं लग्न केलं. हेन्रिएटा उर्फ हेटी इलियट, वय २४, नात्याने त्याची चुलत-मावस बहिणींपैकी. नवरा ४२ वर्षांचा, पदरात चार मुलं.

लग्नानंतर लगेच ती अक्विडनेकवर चढली. सोबत १४ वर्षांचा व्हिक्टर आणि पाच वर्षांचा गारफिल्ड. मधली दोन मुलं नातेवाइकांकडे राहिली. न्यूयॉर्क सोडून आठवडा व्हायच्या आत चक्रीवादळाने गाठलं. ही नुसती सुरुवात होती.

अर्जेंटिनात कॉलरा पसरला म्हणून ब्राझीलने बंदरं बंद केली, जहाज मालासकट परत फिरवावं लागलं. नंतर खलाशांनी रात्री हल्ला केला. जोशुआने गोळ्या झाडल्या, त्यात एक जण मेला. खटला चालला, स्वसंरक्षण म्हणून तो सुटला. नवे खलाशी घेतले तर जहाजावर देवी आल्या. आणि शेवटी १८८७ च्या अखेरीस, ब्राझीलच्या पारानाग्वा खाडीत अक्विडनेक वाळूत रुतून फुटलं. जहाजाचा विमा नव्हता. आयुष्याची कमाई तिथेच बुडाली.

आता परक्या देशात, खिशात पैसे नाहीत, सोबत बायको आणि दोन पोरं. अमेरिकन वकिलातीत जाऊन गरजू म्हणून तिकीट मागता आलं असतं. जोशुआला ते मान्य नव्हतं.

त्याने तिथेच किनाऱ्यावर बोट बांधायला घेतली. फुटक्या जहाजातून जे मिळालं ते, बाकी लाकूड जंगलातून. ३५ फूट लांब, साडेसात फूट रुंद. शिडांची मांडणी चिनी जंक पद्धतीची, कारण चीनच्या समुद्रात त्याने ती पाहिली होती. शिडं हेटीने शिवली.

१३ मे १८८८ ला बोट पाण्यात उतरवली. नेमक्या त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली. म्हणून बोटीचं नाव ठेवलं लिबर्दाद, म्हणजे पोर्तुगीजमध्ये स्वातंत्र्य.

२४ जूनला हे चौघं निघाले. सांतोसहून रिओपर्यंत एका आगबोटीने लिबर्दादला दोरखंडाने ओढून नेलं. वेग इतका की बोट कधीही उलटली असती, म्हणून व्हिक्टर पुढे कुऱ्हाड घेऊन बसला होता. वेळ आली तर दोर तोडायचा! पुढे ब्राझीलचा किनारा धरून उत्तरेकडे, मग बार्बाडोस, मग पोर्तो रिको. सुमारे साडेपाच हजार मैल, त्यात प्रत्यक्ष चालीचे दिवस ५५. ऑक्टोबरच्या शेवटी बोट दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याला लागली. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने, जमेल तिथे आतल्या खाड्यांमधून वर जात २७ डिसेंबर १८८८ ला चौघं वॉशिंग्टनला पोहोचले.

याला आपण थरारक सफर म्हणतो. हेटीच्या बाजूने बघा. लग्नाला तीन वर्षंही झाली नाहीत आणि वादळ, रोगराई, बंड, खटला, जहाजफूट आणि उघड्या बोटीतले सहा महिने तिने पाहिले. ती किनाऱ्यावर उतरली आणि पुन्हा कधीही नवऱ्यासोबत लांबच्या सफरीला गेली नाही.

तिचं चुकलं असं म्हणायला जागा नाही.

शेतात पडलेली बोट

इकडे जोशुआ बेकार. शिडाच्या जहाजांना कॅप्टन नको होते. बोस्टनच्या गोदीत सुतारकाम मागायला गेला तर कामगार संघटनेसाठी आधी ५० डॉलर भरायची अट.

१८९२ मध्ये इबेन पिअर्स नावाच्या ओळखीच्या निवृत्त कॅप्टनने त्याला एक बोट देतो म्हणून फेअरहेवन गावी बोलावलं. जोशुआ गेला तर बोट एका शेतात, टेकू लावून, ताडपत्रीखाली पडलेली. कधीकाळी ती कालवं काढायच्या कामाला होती. ही गंमत आहे असंच गावाला वाटलं. बोट मोडीत काढायची का, असं लोक विचारायचे.

त्याने १३ महिने राबून ती बोट नवीन केली. जवळच्या ओकच्या झाडापासून नवा सांगाडा, नवीन फळ्या. साहित्याचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. हीच ती स्प्रे.

२४ एप्रिल १८९५ ला तो बोस्टनहून निघाला. वय ५१. वाटेत लहानपणच्या ब्रायर बेटावर थांबला. यारमथ गावी एक डॉलरला पत्र्याचं घड्याळ घेतलं, कारण महागडं सागरी घड्याळ दुरुस्त करायला परवडत नव्हतं. रेखांश काढायला अचूक वेळ लागते. पण जोशुआ अंतर, वेग आणि दिशेच्या हिशोबावर भर द्यायचा आणि गरज पडली तर चंद्राच्या निरीक्षणावरून गणित पडताळायचा. पुढे त्या घड्याळाचा मिनिटकाटाही गेला, तरी तो पोहोचायचा तिथे बरोबर पोहोचला.

बोट चालवताना एकटा माणूस झोपतो कधी? तर स्प्रेची खुबी अशी की शिडं नीट लावून सुकाणू बांधून ठेवलं की ती आपली वाट सोडत नसे. ऑस्ट्रेलियाच्या थर्सडे बेटापासून कीलिंग कोकोस बेटांपर्यंतचे २७०० मैल त्याने २३ दिवसांत कापले. त्या २३ दिवसांत तो सुकाणूवर बसला होता जेमतेम तीन तास.

किस्से तर भरपूर. आधी पूर्वेकडून जायचं ठरलं होतं, पण जिब्राल्टरला ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांनी भूमध्य समुद्रातल्या चाच्यांबद्दल सावध केलं. मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ चाचे मागे लागलेही. मग त्याने दिशाच उलटी केली. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत रात्री कुणी बोटीवर चढू नये म्हणून तो डेकवर टाचण्यांसारखे खिळे पसरून झोपायचा. अनवाणी चढलेले लोक बोंबलत पाण्यात उड्या मारून पळाले. सेंट हेलेना बेटावर भेट मिळालेल्या बकरीने वेस्ट इंडीजचा नकाशाच खाऊन टाकला.

आणि या सगळ्यात त्याला पोहता येत नव्हतं. भर समुद्रात पडलात तर पोहून जाणार कुठे, असा त्याचा हिशोब.

या सफरीत दोन जागा मात्र वेगळ्या होत्या. १८९५ च्या शेवटी तो ब्युनोस आयर्सला गेला, जिथे व्हर्जिनियाची कबर होती. १८९६ मध्ये सिडनीला पोहोचला, जिथे २५ वर्षांपूर्वी त्यांचं लग्न झालं होतं. या वेळी दोन्ही बंदरांत बोटीवरून उतरणारा माणूस एकटा होता.

२७ जून १८९८ ला तो अमेरिकेत न्यूपोर्टला परतला. तीन वर्षं दोन महिने, ४६ हजार मैल. स्पेनशी युद्ध चालू होतं, बंदराच्या तोंडाशी पाणसुरुंग पेरलेले होते, त्यामुळे सुरुवातीला फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९०० मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि जगभर नाव झालं.

शेती, बदनामी आणि दक्षिणेचा रस्ता

पुस्तकाच्या पैशातून १९०२ मध्ये जोशुआने मार्थाज व्हिनयार्डवर छोटं शेत घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच जमिनीवरचं स्वतःचं घर. हेटीसाठी हे खरं घर होतं. जोशुआ काही तिथे रमला नाही.

आपल्याकडे पावसाळा आला की कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात उतरवतात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हीच गोष्ट हिवाळ्यात होते. वादळी वारे, दोरांवर बर्फ, गोठणारी बंदरं. अशा वेळी बोटवाल्यासमोर दोन पर्याय. बोट वर काढा आणि चुलीपाशी बसा, नाहीतर थंडीच्या आधी दक्षिण गाठा.

आज अमेरिकेत हजारो लोक हा दुसरा पर्याय निवडतात. त्यात निवृत्त नवरा-बायको बरेच. ऑक्टोबरच्या आसपास निघायचं, किनाऱ्यालगतच्या खाड्या आणि कालव्यांमधून फ्लोरिडाकडे उतरायचं आणि वसंतात परत वर यायचं. थंडीत स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवरून त्यांना नावही पडलंय.

१९०५ पासून जोशुआ तेच करू लागला. पण एकटा. हिवाळा आला की स्प्रे वेस्ट इंडीजकडे, जमैका, केमन बेटं, बहामा. तिकडून शंख-शिंपले आणायचे, बंदरात येणाऱ्या लोकांना ते आणि आपलं पुस्तक विकायचं. उन्हाळ्यात वर परत. हेटी बेटावरच.

यात एक काळं पान आहे आणि ते टाळून चालणार नाही. १९०६ मध्ये न्यू जर्सीतल्या रिव्हरटन इथे १२ वर्षांच्या एका मुलीशी गैरकृत्य केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. सुरुवातीचा गंभीर आरोप पुढे कमी करण्यात आला, पण जोशुआने त्याला कोर्टात आव्हानही दिलं नाही. ४२ दिवस कोठडीत काढल्यावर, पुन्हा या गावात पाऊल ठेवायचं नाही अशी ताकीद देऊन त्याला सोडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या घरी पाहुणा होता आणि त्यांचा मुलगा आर्ची स्प्रेवर फिरत होता. कीर्ती माणसाला किती सांभाळून घेते, हे तेव्हाही असंच होतं.

शेवटच्या वर्षांत स्प्रेची अवस्था वाईट झाली होती. डागडुजी होत नव्हती, दोर जुने झाले होते. पाहणाऱ्यांनी ते नोंदवून ठेवलंय. तरी नोव्हेंबर १९०९ मध्ये तो निघाला.

मग नेमकं काय झालं?

कुणी म्हणतं रात्री एखाद्या आगबोटीने धडक दिली असेल. ज्या आगबोटींनी त्याचा धंदा संपवला, त्यातल्याच एकीने. कुणी म्हणतं देवमाशाची धडक बसली. कुणी म्हणतं जुनी झालेली बोट वादळात फुटली. पुरावा कशालाच नाही.

१९१० च्या उन्हाळ्यात हेटीने वर्तमानपत्रांना सांगितलं की नवरा बुडाला असावा असं आता तिलाही वाटतं. कायद्याने मात्र तिला १९२४ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा कोर्टाने जोशुआ स्लोकम १४ नोव्हेंबर १९०९ पासून मृत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे ज्या दिवशी तो बंदरातून निघाला, तोच दिवस मृत्यूचा. हेटी १९५२ पर्यंत जगली.

या गोष्टीला आपल्याकडचा एक धागा आहे. जोशुआ हरवला त्याला शंभर वर्षं व्हायला तीन महिने बाकी असताना, १९ ऑगस्ट २००९ ला भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटेच निघाले. बोटीचं नाव म्हादेई, बांधली गोव्यात दिवाडी बेटावर. मे २०१० मध्ये ते मुंबईला परतले आणि शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्याकडे उपग्रहावरून ठिकाण सांगणारं यंत्र होतं आणि किनाऱ्यावर वाट बघणारं अख्खं नौदल.

जोशुआकडे पत्र्याचं घड्याळ होतं.

लोक त्याला एकट्याने जग फिरलेला माणूस म्हणून ओळखतात. पण त्याच्या आयुष्याची सगळ्यात सुखाची १३ वर्षं एकट्याची नव्हती. ती व्हर्जिनियासोबत, मुलांच्या गोंगाटात, पियानो असलेल्या जहाजावर गेली होती. ते घर ब्युनोस आयर्सला मोडलं. हेटीने त्याला जमिनीवर दुसरं घर देऊन पाहिलं, पण तिथे त्याचा पाय टिकला नाही. थंडीचे वारे सुटले की तो शिडं वर करायचा आणि दक्षिणेला निघायचा. त्या नोव्हेंबरातही त्याने तेच केलं.